सूर्य बुडताना बघायचाय, म्हणाले

शिवशंकरला कुणी "जेवलास का?" असं विचारलं, तर तो आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडं नीट बघायचा आणि मग म्हणायचा, "कामून? कशाला इचारतोस?" आता एवढ्याशा प्रश्नात कसला आलाय डाव! पण त्याचं डोकं धावायला लागायचं. जेवलो म्हणावं तर हा म्हणेल, चल मग कामाला. न्हाई म्हणावं तर घरी नेऊन जेवू घालील आणि पुढं वर्षभर गावाला सांगत फिरेल. माणूस वाईट होता का? अजिबात नाही. उलट लय जीव लावणारा. पण संशय त्याच्या अंगात असा मुरला होता, की देवळात प्रसाद हातावर पडला तरी तो आधी हुंगून बघायचा.

बरं, याला कारण नव्हतं असंही नाही. त्याच्या आज्याच्या शेजाऱ्यानं गोड बोलून बोलून बांध कोरला. दरसाल नांगराचं एखादं तास आत. आज्या म्हणायचा, "जाऊ द्या, आपलाच माणूस हाय." शिवशंकरला कळायला लागलं तेव्हा शेताच्या मधोमध असलेलं निंबाचं झाड जागचं न हलता बांधावर जाऊन उभं राहिलं होतं. बापाचं नाव येडबा, तो मेंढरांचा माणूस. सुगी झाली की मेंढरं घेऊन निघायचा, कुणाकुणाच्या रानात कळप बसवत हिंडायचा आणि पावसाच्या तोंडावरच परतायचा. त्याला बांधाशी काही घेणं नव्हतं. मग घरातला सगळा संशय करायचा जिम्मा एकट्या शिवशंकरवर पडला आणि तो त्यानं अगदी मनापासून निभावला.

मधे काही वर्षं तो पुण्याला गाडी चालवायला होता. तिथं त्यानं एक नवल बघितलं. सुट्टी आली की शहरातली माणसं डोंगरावर जायची, कडेला ओळीनं उभी राहायची आणि सूर्य बुडाला की टाळ्या वाजवून परत फिरायची. याला वाटायचं, यात नक्की काहीतरी गोम असणार. गोम काही सापडली नाही, पण एक गोष्ट डोक्यात बसली. सूर्य तर आपल्या डोंगरावरनंही बुडतो की!

गावी आला तो एक जुनी जीप घेऊनच. मेकॅनिकवर भरोसा नाही म्हणून घेण्याआधी स्वतः तिच्याखाली सरकून एकेक नट हलवून बघितला. त्यांची वाडी जिंतूरच्या वरच्या अंगाला. डांबरी रस्ता वाडीपाशी संपतो, पुढं नुसता डोंगर. वर जायला पावसानं खाल्लेली एक गाडीवाट आणि मेंढरांची पायवाट. माथ्यावर मोकळा माळ, तिथनं मावळतीकडं नजर पोचेल तिथवर रान, आणि बाजूला लांबवर येलदरी धरणाचं पाणी. शिवशंकरनं पाटी रंगवून घेतली, "जीपने खाजगी सूर्यास्त सफर." वाडी पोट धरून हसली. "अरे, सूर्य तर आमी रोज फुकट बघतो, आमालाच दे की पैसे!" पण परभणीच्या कॉलेजातल्या पोरांनी मोबाईलवर कसलासा व्हिडिओ टाकला आणि गिऱ्हाईक यायला लागलं. जीपमधला आरसा शिवशंकरनं असा वळवून ठेवला होता, की मागचा रस्ता दिसायचा नाही, मागं बसलेल्यांची तोंडं दिसायची.

आता त्याच्या मूळ दुखण्याकडं येतो. शिवशंकरचं लग्न जमत नव्हतं. तिशी मागं पडली होती. पुण्यात होता तेव्हा मुलीकडचे विचारायचे, शेती किती? गावी आला तर विचारायला लागले, पुण्यात नोकरी हाय का? आणि जी स्थळं यातनंही टिकली, ती या पठ्ठ्यानं स्वतःच्या जिभेनं घालवली. एका मुलीच्या बापाला तर यानं तोंडावर विचारलं, "तुमची पोरगी एवढी शिकलेली, मग आमच्यात कामून देता?" तो भला माणूस अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

त्यात शेजारच्या गावात ते प्रकरण झालं. तिथल्या एका बिनलग्नाच्या बाप्याला असंच कुणीतरी लांबचं स्थळ आणलं. एक मामा, एक मावशी, एक खाली मान घातलेली पोरगी. घाईघाईत लग्न लागलं आणि हळद उतरायच्या आत नवरी अंगावरच्या दागिन्यांसकट पसार! मामा खोटा, मावशी खोटी, सगळी टोळीच ती. हे ऐकल्यापासून शिवशंकरची झोप उडाली. आता तर अनोळखी माणूस आणि टोळी यात त्याला फरकच दिसेना.

अशात बन्सीधर मध्यस्थानं वालूरचं स्थळ आणलं. मुलीचं नाव विजयमाला. सेलूच्या एका मेडिकलात कामाला. हे मात्र जातीतलं, माहितीतलं, बन्सीधरच्या सोयऱ्याचं. मोबाईलवर फोटो आला, तो यानं कागदावर छापून आणला. मग एकदा फोनवर बोलणंही झालं. आपल्या बहाद्दरानं तिलाही विचारलंच, "तुमाला माझ्यात काय आवडलं?"

ती म्हणाली, "अजून काय बघितलंच न्हाई, तर आवडंल काय?" आणि खळखळून हसली.

ते हसू त्याच्या कानात बसलं ते बसलंच. त्या दिवशी त्यानं जीप दोनदा धुतली. रात्री जेवताना आईला, केवळाबाईला, म्हणाला, "माय, हे जमलं पायजे बघ. हे न्हाई जमलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जाणार न्हाई." वालूरचे पाहुणे रविवारी घर बघायला येणार होते. येडबा अजून मेंढरांमागंच होता, तेव्हा केवळाबाईनं एकटीनं भिंतींना चुना दिला, अंगण सारवलं, डाळ निवडून ठेवली.

आणि गुरुवारी फोन आला. कुणीतरी वयस्कर माणूस. "सूर्य बुडताना बघायचाय. खाजगी पायजे. दुसरं कुणी नको."

शिवशंकरच्या मनात पाल चुकचुकली. खाजगी कामून? आता पाटीवर खाजगी यानंच लिहिलेलं, पण ते तो विसरला. तरी गिऱ्हाईक सोडवेना. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर जिंतूरच्या स्टँडवर जीप घेऊन उभा राहिला. समोर सेलूची एसटी लागली. तिच्यातनं एक टोपीवाला म्हातारा उतरला, त्याच्या मागं पिशवी घेतलेली एक धिप्पाड बाई, आणि तिच्या मागं एक पोरगी. पोरीनं स्कार्फ असा गुंडाळलेला की नाकाचं टोकही दिसेना, वर काळा चष्मा.

"आमी परभणीचे," बाई म्हणाली.

सेलूच्या गाडीतनं उतरायलेत आणि म्हणे परभणीचे! शिवशंकरचे कान टवकारले. त्यानं आरसा बोटभर आणखी वळवून घेतला.

डांबर संपलं, गाडीवाट लागली. जीप धक्के खात वर निघाली. बाई एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातानं पिशवी धरून, "अगं माय, अगं माय," करत होती, पण तोंडाला खंड नव्हता. तुमचं नाव काय, वडील काय करतात, किती भाऊ, किती बहिणी. शिवशंकर तुटक तुटक बोलायचा. म्हातारा खिडकीतनं डोंगर बघायचा सोडून याच्या हाताकडंच बघत होता. आणि ती पोरगी तर एक अक्षर बोलत नव्हती.

"ह्या बोलत न्हाईत का?" शिवशंकरनं विचारलं.

"तिचा घसा बसलाय," बाई आणि म्हातारा एकदमच म्हणाले.

दोघं एकदम बोलले म्हणजे ठरवून आलेत, शिवशंकरनं ताडलं. आणि सूर्य बघायला आलेत म्हणावं, तर तिघांतल्या एकानंही अजून आभाळाकडं बघितलं नव्हतं. वर यायची ती पोरंटोरं, जोडपी. या वयाच्या माणसांनी काय सूर्य कधी बघितला नाही?

एका वळणावर बाई पुढं वाकून हळूच म्हणाली, "काय हो, घेता का कधीमधी? दारू वगैरे?"

याला वाटलं, बाटली पाहिजे यांना. तो जीप थांबवून मागं वळला. "बाई, प्यायची असंल तर खालीच पिऊन घ्या. माझ्या गाडीत आन् माझ्या डोंगरावर चालायचं न्हाई. मी शिवत न्हाई आन् शिवू देत न्हाई."

बाईनं तोंडाला पदर लावला. म्हातारा खाकरला. स्कार्फच्या आत काहीतरी हललं, पण ते हसू होतं की काय, हे धुरळ्यात कळलं नाही.

थोडं वर गेल्यावर म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. "जमीन किती हाय तुमाला?"

हां! आता आलं बाहेर. दोन सालांपासून डोंगराच्या अंगाला सौर कंपन्यांचे दलाल हिंडत होते, उतारावरच्या जमिनी हेरत होते. सूर्याचं नाव घेऊन आलेत म्हणजे दुसरं कोण असणार? आज्याचा कोरलेला बांध त्याच्या डोळ्यापुढं उभा राहिला.

"जमीन कुठली साहेब? सगळी भानगडीत हाय. भाऊ भाऊ कोर्टात भांडायलेत. सात जन्म निकाल लागणार न्हाई."

"भाऊ? मघाशी तर एकटाच हाव म्हनलाव."

"चुलते, चुलते," शिवशंकरनं सावरलं. याला एक सख्खा चुलता, तोही बिचारा कधीचा वारलेला.

माथ्यावर पोचले तेव्हा सूर्य हातभर राहिला होता. माळावर वारं सुटलेलं. शिवशंकरनं सवयीनं चाकांमागं दगड लावले आणि जरा लांब उभा राहिला. तिघं एकमेकांत कुजबुजायला लागले. बाई मान हलवत होती, म्हातारा नको नको करत होता, पोरगी मात्र बाईला कोपरानं ढोसत होती. विचार म्हणत असावी. शेवटी बाई पदर सावरत याच्याकडं आली.

"एक इचारू का लेकरा? लगीन झालं का तुमचं?"

शिवशंकरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सेलूच्या गाडीतनं उतरून परभणी सांगणारी माणसं. एक मामा. एक मावशी. एक तोंड झाकलेली पोरगी. जमीन विचारून झाली, घरचं विचारून झालं, आता लग्न! अरे, ही तर तीच टोळी! दोन दिवसांवर आपलं सोन्यासारखं स्थळ आलंय, आणि हे आज गळ टाकायलेत!

"झालंय की," तो छाती पुढं काढून म्हणाला. "कधीचंच झालंय. दोन लेकरं हायत. थोरलं शाळंत जातंय. बायको लय कडक हाय, अनोळखी माणूस दारात उभा करत न्हाई."

बाईच्या हातातनं पिशवी खाली पडली. म्हातारा दोन पावलं पुढं आला, "काय म्हनलाव?" एवढंच त्याच्या तोंडातनं आलं. त्या पोरीनं चष्मा काढला. मग स्कार्फचा एकेक वेढा सोडवला.

"दोन लेकरं?" ती म्हणाली.

आवाज त्यानं आधी ओळखला, चेहरा मागून. विजयमाला! शिवशंकरच्या तोंडचं पाणी पळालं. पाठीमागं सूर्य बुडत होता, लाल भडक, आणि चौघांतल्या एकाचंही तिकडं लक्ष नव्हतं.

"न्हाई, न्हाई! लग्न न्हाई झालं माझं! खोटं बोललो मी. देवाशप्पथ!"

"मघाशी खोटं बोललाव का आता बोलायलाव?" म्हातारा ओरडला. तो म्हणजे विजयमालाचा बाप, रामकिशन. ती बाई आत्या, दैवशाला. "जमीन कोर्टात, चुलते भांडायलेत, बायको कडक! आन् ऐतवारी आमाला घर दावायला निघालाव?"

"बन्सीधरला इचारा! वाडीत कुणालाबी इचारा!"

"बन्सीधर तर म्हनलाच हुता, पोरगा लाखात एक हाय म्हनून," आत्या ओरडली. "असंच मागं एका मध्यस्थाच्या तोंडावर भरोसा ठेवून आमची थोरली पोरगी दिली. गावातबी चवकशी केली हुती, सगळे म्हनले लय चांगला. आता बसलीय माहेरी रडत. म्हनून तर ही धाकली म्हनली, आत्या, चवकशी नको, मीच जाऊन बघते, त्याला न कळू देता."

शिवशंकर पार गळाठला. आयुष्यभर त्यानं दुसऱ्याचं खोटं हुडकलं होतं. आपलं खरं दुसऱ्याला पटवायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती आणि ते कसं करतात, हे त्याला येत नव्हतं. शेवटी तोच हात जोडून म्हणाला, "घरी चला. माझ्या मायला इचारा. माझी माय जन्मात खोटं बोललेली न्हाई."

जीप उतरायला लागली. शिवशंकर मनातल्या मनात एकच घोकत होता, माय सांगेल, माय सगळं नीट करंल.

केवळाबाई दिवा लावून ओट्यावर बसली होती. पोराच्या जीपमधनं अनोळखी माणसं उतरताना बघून ती उठून उभी राहिली. वालूरचं कुणी तिनं कधी समोर बघितलेलं नव्हतं, दिव्याच्या उजेडात फोटोतली पोरगी ओळखणं तिच्या नजरेला जमण्यासारखं नव्हतं, आणि पाहुणे तर रविवारी यायचे होते. दैवशालाआत्या तरातरा पुढं गेली आणि शिवशंकरनं तोंड उघडायच्या आत तिनं विचारलं, "बाई, तुमची सून कुठं हाय?"

केवळाबाईनं तिघांकडं बघितलं. मग लेकाकडं बघितलं. त्याचं तोंड उतरलेलं, डोळे मोठे झालेले. ती काय समजायचं ते समजली.

"सून माहेरला गेलीय," ती पापणी न लववता म्हणाली. "लेकरं घेऊन. येईल दोन दिसांत."

झालं! अहो, ते टोळीचं प्रकरण झाल्यापासून यानंच शिकवलं होतं तिला. मी घरी नसलो आन् कुणी अनोळखी आलं तर सांगायचं, सून माहेरला गेलीय. रोज जेवताना घोकून घ्यायचा. केवळाबाई बिचारी साधी, तिला खोटं जमायचं नाही. कधी हसायची, कधी अडखळायची, कधी "कंची सून रे?" म्हणायची, आणि हा तिच्यावर डाफरायचा. आज पहिल्यांदाच तिनं न चुकता म्हटलं.

"माय! अगं खरं सांग यांना!" शिवशंकर रडकुंडीला आला.

"खरंच सांगायलेय की बाबा," केवळाबाई आणखी ठाम झाली आणि पैशाचा डबा काखेत मारून मागं परसात जाऊन बसली.

रामकिशन माघारी वळला. पण विजयमाला वळली नाही. चपला काढून ती सरळ घरात गेली. कुणी अडवलं नाही. तिनं भिंतीचा नवा चुना बघितला, लेकराच्या हाताइतक्या उंचीवर एक डाग नव्हता. वलणीवर म्हातारीचं एक लुगडं आणि याचे दोन शर्ट. आरशाच्या चौकटीत एक फोटो अडकवलेला होता, तो तिचाच. फोटोपाशी ती जरा वेळ थांबली. मग बाहेर आली.

"बाबा, ह्यांचं लग्न झालेलं न्हाई. ह्या घरात लेकरू न्हाई."

शिवशंकरनं असा श्वास सोडला की तिघांनाही ऐकू गेला. आत्यानं कपाळाला हात लावला आणि ओट्यावरच बसली. रामकिशनच्या तोंडावर हळूहळू रक्त परत आलं. "मग झालं की," तो म्हणाला. "गैरसमज हुता म्हना."

"पण मी इथं येणार न्हाई," विजयमाला म्हणाली. "मला इथं देऊ नका."

शिवशंकर पुढं आला. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षाही भीती. "तुमीबी खोटंच बोललाव की! परभणीचे म्हणून! सेलूच्या गाडीतनं उतरताना बघितलंय मी."

"व्हय, बोललो," ती म्हणाली. "सूर्य बुडाला की सगळं सांगून तुमची माफी मागायची, असं ठरवून आलो हुतो आमी." मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "तुमी वाईट न्हाईत. डोंगरावर दारू पिऊ देत न्हाईत, गाडी जपून चालवता. आवडलं मला ते. पण तुमी अनोळखी माणसाला खोटंच सांगता, आन् मायलाबी तेच शिकवलंय. मी इथं आले तर कैक दिवस मीबी अनोळखीच असणार की. मला ह्या घरात कोण खरं सांगंल?"

शिवशंकरनं खिशातनं जीपची किल्ली काढली. आता काहीही म्हटलं तरी कुणी मानलं नसतं, आणि हे त्यालाही कळत होतं.

त्यानंच त्यांना जिंतूरला परत सोडलं. स्टँडवर उतरताना रामकिशननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. विजयमालानं स्कार्फ पुन्हा बांधला नाही. एसटी हलली तेव्हा ती खिडकीत होती, तोंड उघडं, समोर बघत. शिवशंकर धुरळा खाली बसेपर्यंत तिथंच उभा राहिला.

घरी आला तर केवळाबाई ताट वाढून वाट बघत होती. "गेली का रे ती टोळी?"

"गेली."

"मी बरुबर बोलले ना? कुठं चुकले न्हाई ना?" तिचं तोंड खुललं होतं. आज पहिल्यांदा लेक तिच्यावर डाफरणार नव्हता.

शिवशंकरनं तिच्याकडं बघितलं. "बरुबर बोललीस, माय."

"मला बाई लय भ्या वाटलं, पण बोलले," ती भाकरी त्याच्या ताटात टाकत म्हणाली. "आता ऐतवारी वालूरचे पाव्हणे येतील. त्यांना तरी समदं खरं सांगू ना?"

शिवशंकरनं तुकडा मोडला. मग तो ताटातच ठेवून आरशाच्या चौकटीतला फोटो काढायला उठला.